बॉनेटमधली पिवळी पुरचुंडी

ती घटना आठवण्यासाठी मला जुनी डायरी काढावी लागत नाही. रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यातल्या घरासमोर माझ्या गाडीचे बॉनेट उघडले, की ती आपोआप समोर उभी राहते. बॉनेट उघडून बघण्याची सवय नोकरीतली. सरकारी जीप कुठे दगा देईल याचा नेम नसायचा. म्हणून ऑइलची पट्टी मी स्वतः ओढून बघायचो, बॅटरीची टोके पुसायचो आणि टायरला लाथ मारून 'हवा आहे' म्हणणाऱ्या चालकाला परत पंपावर पाठवायचो. ठाण्यात मला माघारी 'मिस्त्री साहेब' म्हणत. मला ते ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

त्या वेळी मी बिडकीनकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने येऊन सांगितले, की फाट्यावरच्या रसवंतीत एक कार घुसली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा उसाच्या मोळ्या रस्ताभर पसरल्या होत्या. रसवंतीवाला नेमका पाणी आणायला गेला होता, म्हणून वाचला. गाडी चालवणारा धडधाकट होता, पण शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचे मनगट मोडले होते. तिला घाटी रुग्णालयात पाठवून मी पंचनाम्याला सुरुवात केली.

गाडीवाला जवळच्याच खेड्यातला, मेंढपाळ घरातला, आता कंपनीत नोकरीला. मी कागद काढताच तो पुढे आला.

"साहेब, ब्रेक लागलाच नाय. पेडल दगडावानी झालं व्हतं. ह्यो अपघात नाय, घातपात हाय. माझ्या धाकट्या भावानं केलंय."

माझ्या हवालदाराने बॉनेट उचलून आत डोकावले आणि म्हणाला, "साहेब, पाइप तुटलाय बघा." इंजिनापासून ब्रेकला जोर पुरवणारा एक रबरी पाइप असतो. तो मधोमध तुटून लोंबत होता. गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली आणि मोटार वाहन निरीक्षकाला तपासणीसाठी पत्र दिले.

भांडणाचे मूळ चौकशीत लगेच कळले. दोघा भावांच्या सामाईक बांधावर एक मोठे कडुलिंबाचे झाड होते. धाकट्याची मेंढरे दुपारी त्याच्या सावलीत बसत. मोठ्याने गाडी घेतली आणि तिच्यासाठी पत्र्याचे शेड टाकताना ते झाड तोडले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. भिंतीला भिंत लागून घर, पण निरोप द्यायचा तर मोठ्याच्या बायकोमार्फत.

दुपारी हवालदाराचा फोन वाजला. गावातला एक माणूस आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा आणि त्याची खबर सहसा खोटी नसायची. "काल दिवस मावळताना धाकटा त्या शेडात व्हता. बॉनेट उघडं, अन् हात आत." एवढेच बोलून त्याने फोन ठेवला.

हेतू होता, संधी होती, आता बघणाराही मिळाला. धाकट्याला ठाण्यात आणले. उंच, काटक, केस बारीक कापलेले. पोलीस भरतीचे मैदान आणि लेखी परीक्षा त्याने पार केली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती, आणि ती माझ्याच ठाण्यातून जायची होती. जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला असता, तर त्याची वर्दी अंगावर चढण्याआधीच उतरली असती. हे त्यालाही कळत होते. खुर्चीवर बस म्हटले तरी तो उभाच राहिला.

"काल बॉनेट उघडलंस?"

"व्हय."

"पाइप कापलास?"

"नाय."

"मग हात कशाला घातला होतास?"

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. दरडावून झाले, चहा पाजून झाला. बाकी सगळ्याची उत्तरे तो सरळ द्यायचा आणि या एका प्रश्नाला मान खाली घालायचा.

नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. ज्याने खरोखर केलेले असते, तो फार बोलतो. तुम्ही न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे तयार ठेवतो. हा काहीतरी लपवत होता हे नक्की, पण तो जे लपवत होता त्याची त्याला भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. चोराची लाज आणि ही लाज यांत फरक असतो.

तेवढ्यात त्याची वहिनी आली. हाताला प्लास्टर, चेहरा पांढरा पडलेला. घाटीतून थेट ठाण्यातच.

"साहेब, आज गाडीत मी बसनार व्हते, हे भाऊजींला ठाव व्हतं. कालच म्या सांगितलं, उद्या माहेरला चाललेय. ह्यांचा राग असंल, पर माझा घात ते करतील का? मी त्यांना लेकरावानी वाढवलंय."

मोठा बाहेरच्या बाकावरून ओरडला, "तू गप गं. आज गुन्हा दाखल झाला नाय तर म्या वरच्या साहेबांकडं जानार हाय."

मी दोघा भावांना तिथेच ठेवले आणि आवारात गेलो. सकाळी घाईत सगळ्यांनी तुटलेला पाइप बघितला होता. गाडी कुणी बघितली नव्हती. बॉनेट उचलले आणि आधी वास आला. खोबरे भाजल्यावर घरात सुटतो तसा. गाडीच्या इंजिनात ऑइलचा वास यावा, पेट्रोलचा यावा, तापलेल्या रबराचा यावा. खोबऱ्याचे तिथे काय काम?

दोन पंच बोलावले आणि सगळ्यांना गाडीभोवती उभे केले. बॅटरीच्या मागे, त्या तुटलेल्या पाइपाला खेटून, पिवळ्या फडक्याची एक पुरचुंडी तारेने आवळलेली होती. फडके कुरतडून जाळीजाळी झालेले. आत खोबऱ्याची वाटी, निम्मी खाल्लेली, आणि सगळीकडे भंडारा सांडलेला. खाली उंदराच्या लेंड्या. पाइपाची टोके उजेडात धरली. सुरीने कापलेले रबर गुळगुळीत दिसते. इथे बारीक दातांच्या खुणा होत्या आणि त्या खुणांत हळद भरली होती.

"हे कुणी बांधलं?" मी विचारले.

मोठ्याचा आवाज एकदम खाली आला. "म्याच, साहेब. दसऱ्याला. गाडीची पूजा केली, मंग देवाची वाटी भंडाऱ्यानं भरून बांधली. गाडीला राखन म्हनून."

"आणि हे?" त्या पुरचुंडीच्या शेजारी दुसरी एक होती. नवी, पांढऱ्या रुमालाची, तिच्यावरही ताज्या लेंड्या. सोडली तर आत तंबाखू.

मोठ्याने मान हलवली. त्याला माहीत नव्हते. मी धाकट्याकडे बघितले. त्याचे कान लाल झाले होते.

"मेंढरापाशी झोपतो म्या. शेडात खुडबुड ऐकू यायची," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काल बॉनेट उघडलं तर उंदीर पळाला. देवाची वाटी सोडायची कशी? दादानं बांधलेली. मंग मायच्या चंचीतली तंबाखू बांधली. वासानं उंदीर येत नाय म्हनत्यात."

"अरे, मग सकाळपासून हे सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू, साहेब? ज्यानं माझं झाड तोडलं, त्याच्या गाडीला जपतो म्हनून? गाव हसलं असतं."

माझा हवालदार उगाचच टोपी काढून डोके खाजवू लागला. मोठा भाऊ त्या तंबाखूच्या रुमालाकडे बघत राहिला, मग धाकट्याच्या खांद्याला धरून त्याने त्याला गदागदा हलवले.

"येड्या, मला हाक मारायची की रं!"

झाड तोडल्यापासून भावाला उद्देशून बोललेले त्याचे ते पहिले वाक्य होते. वहिनी पदराने डोळे पुसत हसली. मलाही बरे वाटले, फार बरे वाटले. ठाण्यात माणसे तुटताना रोज दिसतात, जुळताना क्वचित.

मोटार वाहन निरीक्षकांच्या तपासणीतही तेच निघाले. मोठ्याने धाकट्याविरुद्ध दिलेला तक्रार अर्ज निकाली निघाला, अपघाताची नोंद तेवढी राहिली. रसवंतीची नुकसानभरपाई विम्यातून झाली. वाटी देव्हाऱ्यात गेली. धाकट्याच्या पडताळणीवर मी सही केली, तेव्हा पेन जरा जास्तच ऐटीत चालवले असेल.

जबाब संपवताना मोठ्याला मी एक विचारले होते, पेडल त्या दिवशीच जड झाले का? तो म्हणाला, नाही, बरेच दिवस जड लागत होते, इंजिनही थरथरायचे. "वाटलं, देव हाय गाडीत." म्हणून गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. पूजा जरूर करा, पण खाण्याची कोणतीही वस्तू बॉनेटखाली ठेवू नका. शेडात किंवा झाडाखाली उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा उघडून बघा, नाकानेसुद्धा बघा. पेडल नेहमीपेक्षा जड लागले किंवा खोल गेले, तर त्याच दिवशी दाखवा. चालत्या गाडीत ते दगड झालेच, तर ब्रेक मेला असे समजून पाय काढू नका. सगळा जोर देऊन दाबा, गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा. आणि गाडीत काही वावगे दिसले तर मालकाला सांगा, त्याच्याशी बोलणे बंद असले तरी. धाकट्याने त्या संध्याकाळी एक हाक मारली असती, तर वहिनीचे मनगट शाबूत राहिले असते. गुन्ह्यांचा तपास करण्यात माझी हयात गेली, पण वेळेवर न बोलल्याने झालेले नुकसान कोणत्याच कलमात बसत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवले.

मी निवृत्त झाल्यावर धाकटा वर्दीत घरी आला. भाऊ आणि वहिनी सोबत. पेढे दिले, पाया पडला आणि जाता जाता माझ्या गाडीपाशी थांबला.

"साहेब, गाडी झाडाखाली असती व्हय?"

मी काही म्हणायच्या आत त्याने बॉनेट उघडायला लावले, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि कोपऱ्यात बांधून टाकली. मोठा भाऊ बाजूला उभा राहून तार पिळायला मदत करत होता.

तंबाखूने उंदीर जात नाहीत, हे मी त्यांच्याच गाडीत डोळ्यांनी पाहिले आहे. दर रविवारी बॉनेट उघडतो, पाइप बोटाने चाचपतो, लेंड्या आहेत का बघतो. पुरचुंडीचा वास केव्हाच उडाला आहे. ती मात्र मी अजून सोडलेली नाही.