घाम येणाऱ्या तलवारीला घेऊन पिंपरीला

खरं तर मला चिंचवडला जायचं होतं, आणि तेही एका दिवसासाठी. पण मी सायकलवर बसलो की कुठं उतरेन याचा भरवसा मलाच नसतो, तर तुम्हाला काय देणार?

चाकणला माझे मामा राहतात. दसऱ्याला सोनं लुटायला गाव शिवेबाहेर निघतं तेव्हा सगळ्यांच्या पुढे त्यांच्या घरची तलवार असते. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. आता अडचण अशी, की या तलवारीला घाम येतो. खरंच! पावसाळी हवेत पात्यावर तपकिरी थेंब उभे राहतात, वाळतात, आणि त्यांच्याखाली लोखंडाचे पापुद्रे निघतात. मामा दर वर्षी विटकरीची पूड आणि चिंच लावून घासायचे. दर वर्षी पातं जरा पातळ व्हायचं.

गेल्या वर्षी भावकीतल्या सखारामदादांनी पुण्याहून नवी कोरी तलवार आणली. आरशासारखी. पारावर मामांना म्हणाले, "तुझी गंजलीया, तुका. औंदा आमचीच म्होरं जाऊ दे."

मामा घरी येऊन जेवले नाहीत. मग मला म्हणाले, "तू तसाबी भटकतोसच. चिंचवडला निकेल चढवून देत्यात म्हणं. घासूनपुसून चकचकीत करून आन. दसऱ्याला सोळा दिस हायेत."

घोंगडीत गुंडाळलेली तलवार सायकलच्या दांडीला बांधून मी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: चाकणहून मोशीपर्यंत उतार बरा आहे, पण खडी उखडलेली आहे, तेव्हा ट्यूब जुनी असेल तर एसटीनेच जा. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर थांबायलाच हवं. मी तासभर थांबलो. भोसरीला एका आण्यात चहा आणि वर गावच्या तालमीतल्या सगळ्या पैलवानांची माहिती फुकट मिळते. तिथे एक हवालदार घोंगडीकडे बघून म्हणाला, "काय रं, पावा हाय का त्यात?" मी म्हणालो, "व्हय, पर वाजत न्हाई." हसून सोडलं त्याने.

कासारवाडीच्या फाट्याला उजवीकडे मुंबई रस्ता धरला की चिंचवडच्या अलीकडे पिंपरी. तिथे सिंधी निर्वासितांची वसाहत आहे. एका टपरीवर दोरीला शेकडो कुलपं लटकलेली दिसली, आणि मी उतरलो. कारण विचारू नका, शेकडो कुलपं होती!

कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा पांढऱ्या दाढीचा. सगळे त्याला साईं म्हणत. बोलता बोलता मी घोंगडी उघडली. त्याने पात्याला हात लावला नाही, फक्त वाकून बघितलं.

"पुट," पोरा म्हणावं तसं तो म्हणाला, "हिला नमक लागला कुठून?"

मी थक्क! कारण मिठाची गोष्ट मामांच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. इंग्रजांची हत्यारांची झडती आली तेव्हा मामांच्या आज्याने तलवार मिठाच्या पोत्यांत पुरली. मिठात लोणचं टिकतं, मग तलवार का टिकू नये? दोन वर्षं पुरली होती.

साईं इतका हसला की वरची कुलपं हलली. मग म्हणाला, "मी मोहेंजोदडोला होतो. खोदाईवर. तिथली मिट्टीच खारी. तांब्याच्या चीजा निघायच्या, आम्ही धुवायचो. रोज मीठा पानी, म्हणजे गोडं, रोज नवा पानी. निकेल चढवशील तर नमक आतच राहील. वरून दुल्हन, आतून बीमार."

"लोखंड पाण्यात घालायचं? ते गंजणार नाही का?"

"थोडं गंजेल. नमक राहिला तर पूरी खाऊन टाकेल. बोल."

मी चिंचवडला गेलोच नाही.

साईंने आतून मेण ओतलेली लांब लाकडी पेटी काढली. पाणी मात्र विहिरीचं चालत नाही, तिथल्या विहिरी मचूळ. शेजारी उस्मानभाईंचं मोटार-बॅटरीचं दुकान. बॅटरीत घालायचं वाफ थंड करून धरलेलं पाणी ते डब्यातून द्यायचे. माझं काम एकच: रोज सकाळी जुनं पाणी ओतायचं, नवं भरायचं. ओतण्याआधी साईं वाटीभर पाणी काढून त्यात तपकिरी बाटलीतला एक थेंब टाकायचा. हे औषध त्याने फोटोवाल्याकडून मिळवलेलं. पाणी दुधासारखं झालं की समजायचं, मीठ अजून निघतंय.

पहिल्या दिवशी अगदी ताक! चौथ्या दिवशी पातळ. आणि त्याच दिवशी मुठीजवळचा मऊ झालेला गंज साईंने बांबूच्या काडीने अलगद उचलला. खाली चांदीच्या तारेची अक्षरं होती. चा. क. ण.

"घासला असता," साईं म्हणाला, "तर गाव गेला असता."

पिंपरीत राहायचं तर जेवणाची चिंता नको. सकाळी दालपकवान खा, पोट दुपारपर्यंत हूं म्हणत नाही. पण एका गावात नऊ दिवस! इतका मी आजवर फक्त गोवर आला तेव्हा राहिलो होतो. दहाव्या दिवशी भोसरीला कुस्त्या असल्याचं कानावर आलं आणि पाणी न बदलताच मी पसार झालो. परत आलो तर उस्मानभाईंचं दुकान बंद. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय, आणि विहिरीची बादली पेटीत ओतली.

सकाळी साईंने थेंब टाकला. पुन्हा ताक.

त्याने वाटीच माझ्या हातात दिली. "इतक्या दिवसांचं धुणं, पुट. एका बादलीत."

उरलेले दिवस मी पेटीपासून हललो नाही. उस्मानभाई चिडवायचे, "काय राव, अंडी उबवताय का?" शेवटच्या सकाळी थेंब टाकला तर पाण्यात धुकं उरलंच होतं, अगदी जरासं. आणखी आठवडा हवा होता. तो मीच कुस्तीत घालवला होता. साईंने पातं तंदूरच्या कडेला सुकवलं, कोमट असतानाच जवसाचं तेल आणि मेण लावलं आणि बजावलं, "उघडा हात नको, ओलं कुंकू नको. आणि लिंबू तर बिलकूल नको."

दसऱ्याच्या सकाळी मामांनी काळपट पातं बघितलं आणि उन्हाकडे वळवून पुन्हा बघितलं. "आरं, ही चमकती कुठं?"

पण पारावर दोन्ही तलवारी शेजारी ठेवल्यावर शाळेचे मास्तर वाकले आणि मोठ्याने वाचू लागले. सखारामदादांच्या पात्यावर पुण्याच्या दुकानाचा शिक्का होता, पेठेसकट. आमच्या पात्यावर, चाकण.

सखारामदादाच आधी हसले. "घ्या! मी पेठ मिरवाय निघालो व्हतो. चल तुका, हो म्होरं."

तेवढ्यात गुरवाने लिंबू काढलं. तलवारीच्या टोकाला लिंबू टोचायचं, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत तसंच. मी ओरडलो, "लिंबू नको!"

सारं गाव माझ्याकडे वळलं. मामा लालेलाल. "का रं?"

"लिंबू लोखंड खातं. टोक बघा, किती आखूड झालंय."

मामांनी टोक बघितलं. मग लिंबू घेतलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. "मग तूच चाल बाजूनं. लिंबू घिऊन. बोटं खाल्ली तर चालंल." शिवेपर्यंत मी लिंबू धरून चाललो, आणि पोरींचं हसू ऐकत परत आलो.

रात्री मामांना कुस्तीचं आणि बादलीचं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी घाम पुना येनार?"

"माहीत नाही. पावसाळ्यात कळेल."

"बरं," म्हणाले, आणि पानाला चुना लावत बसले.

मी तळेगावला घरी परतलो. मधल्या महिन्यांत पुष्कळ गावं झाली, पण आता कुठल्याही विहिरीवर गेलो की आधी पाणी चाखतो. पाऊस लागला आणि माझी झोप उडाली. कालच मामांचं कार्ड आलं:

"तलवार कोरडी हाय. फक्त ण च्या पोटात येक थेंब आला. बैलांची पानी प्यायची दगडी डोणी घासून ठेवलीया. उस्मानभाईकडनं पानी आन, साईंलाबी आन. बदलाय तू बस."

किती दिवस, ते लिहिलेलं नाही. मी नेहमी एकच सदरा घेऊन निघतो. आज चार घेतलेत.