काठोकाठ भरलेल्या बाटल्या

सोलापुरात आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे इथल्या बाईला रिकामं भांडं बघवत नाही. मीही त्यातलीच. पाणी आलं की पातेली, कळश्या, अगदी लोणच्याची धुतलेली बरणीसुद्धा भरून ठेवते. ही सवय एक दिवस माझाच जीव टांगणीला लावेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मी पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात नायट्रेट किती आहे ते सांगणारा एक सेन्सर आमच्याकडे आहे, जाड पेनासारखा दिसणारा. रोज सकाळी त्याला आधी दोन द्रावणांत बुडवायचं. एक सौम्य, एक तीव्र. किती तीव्र ते बाटलीवर लिहिलेलं. किराणावाल्याकडे वजनं असतात ना, तशी ही आमची वजनं. ती खरी असली तरच पुढचा आकडा खरा.

माझी थोरली बहीण वेळापूरजवळ मळ्यात राहते. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगावरचं दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरीचं दूध चालू केलं होतं, आणि ते कालवायचं विहिरीच्या पाण्यात. चहूकडे ऊस, उसाला युरिया, आणि त्याचंच नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं. मीच मागे लागले, तेव्हा कुठे आक्काने दाजींबरोबर बाटलीभर पाणी पाठवलं. तुझं शहाणपण उतू चाललंय, असा निरोपही सोबत होताच.

आकडा मर्यादेच्या बराच वर आला. इतकं नायट्रेट तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्त प्राणवायू नेईनासं होतं, ओठ निळे पडतात. मी आक्काला फोन करून ते पाणी बंद करायला लावलं आणि बाळाला अकलूजला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे. पण भीती डॉक्टरांचं ऐकते होय? घरातला जो तो बाळाच्या ओठांकडे बघत बसला, आणि ज्याला त्याला ते निळसर दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. आकडा तोच. मग सहज आमच्या नळाचं पाणी लावलं, तर तेही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. आता मात्र मला संशय आला. सेन्सर म्हणत होता, सगळं बरोबर. मी कपाट उघडलं. रोज ओतून घेऊनही द्रावणाच्या दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. आमच्या कपाटात द्रौपदीची थाळी कधी आली, असं मी तिरसटपणे विचारलं.

"मॅडम, रिकाम्या दिसल्या की मीच भरते की," आमच्या मदतनीस मावशी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "नळाचं न्हाय हां, तुमचं ते डिस्टिलच घालते."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय ओरडणार? घरी मी दुसरं काय करते? निव्वळ पाणी पडून दोन्ही वजनं सारखीच हलकी झाली होती, म्हणून सेन्सरला संशय नाही, आणि तोलायला घेतलेलं प्रत्येक पाणी जड.

मावशींना मी समजावून सांगितलं, तशा त्या रडवेल्या झाल्या. कोरडा क्षार तोलून मी नवीन द्रावणं केली. सेन्सर लावला आणि फ्रिजमधलं आक्काच्या विहिरीचं पाणी पुढे घेतलं. आकडा मर्यादेच्या चांगला आत. पुन्हा बुडवला. पुन्हा आतच. मी स्टुलावर बसून आधी हसले आणि मग रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मावशींनी पाण्याचा तांब्या आणून दिला. अर्थातच काठोकाठ भरलेला.

मग फोन लावला. चूक आमच्या द्रावणाची होती, पाणी चांगलं आहे, असं सांगितलं. आता आक्का शिव्या घालणार, म्हणून मी तयारीत होते. पण फोन हातात घेऊनच ती चालत गेल्याचं ऐकू आलं, बाळाचं कुरकुरणं जवळ आलं.

"आगं," ती म्हणाली, "व्हट लालचुटूक हायत की. कालपस्नं आमाला निळं कसं दिसत हुतं?"