दोन नावांची एकच बाई

नवरा घरीच बसून काम करायचा, लखनऊत विकास नगरच्या आमच्या दोन खोल्यांत, कॉम्प्युटरवर, परदेशातल्या लोकांचं. एक दिवस म्हणाला, "इथं सारखी लाइट जाते, नेट जातं. काम कुठूनही होतं ना, मग पोर्तुगालला जाऊ. आपल्या कमाईवर राहणाऱ्यांना व्हिसा देतात, पुढं तिथंच राहायची परवानगी, रेसिडेन्सी पण." पोर्तुगीज म्हणजे गोव्यात होते ते, एवढंच मला ठाऊक. दहावी नापास मी, पोरगी तीन वर्षांची, मला तर विमानाचीच भीती वाटायची.

पण खरी भीती निशातगंजच्या व्हिसा एजंटकडे बसली. त्यानं कागद टेबलावर पसरले नि म्हणाला, "भाभीजी, बच्ची के बर्थ सर्टिफिकेट में माँ का नाम कुछ और है, आपके पासपोर्ट में कुछ और. कागज के हिसाब से तो आप इसकी माँ ही नहीं हैं."

मी पोरीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात लिहितात, असं मी धडपडत हिंदीत सांगायला लागले. तो म्हणाला, "सरनेम तो सबका बदलता है, पहला नाम कौन बदलता है?" पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघालेला, माहेरच्या नावाचा. पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात नवऱ्यानं सासरचं नाव सांगितलेलं.

"ऐसा करते हैं," एजंट म्हणाला, "भैया का और बच्ची का पहले लगा देते हैं. आपका बाद में."

"अहो, बाद में म्हणजे कधी?"

"अगं, होईल काही महिन्यांत," नवरा म्हणाला, माझ्याकडे न बघता.

त्या दिवसापासून मी पोरीला दारातसुद्धा एकटी सोडेना. मग एजंटनंच सांगितलं, दोन्ही नावं एकाच बाईची, असं शपथपत्र करा, पण दोन्ही नावांनी ओळखणारं घरातलं मोठं माणूस सही करायला हवं. लखनऊत मला माहेरच्या नावानं कोण ओळखणार? माझे आईवडील कधीच गेलेले. राहिल्या सासूबाई. नाव त्यांनीच बदललं होतं, आणि आम्ही परदेशी जायला त्यांचा साफ नकार होता.

तरी मुलानं बोलावलं म्हणून गावाकडून, नगरहून आल्या. कचेरीबाहेर नोटरीच्या टेबलापाशी पेन धरून बसल्या, सही करेनात.

"नाही केली सही तर?"

"तर हे पोरीला घेऊन जातील, नि मी इथं राहीन."

"म्हणजे नात जाणारच."

"हो."

"नि तू? माझ्याकडं येशील?"

मला वाटलंच नव्हतं त्या असं विचारतील. तेवढ्यात पोरगी त्यांचा पदर ओढत म्हणाली, "दादी, चलो ना, भूख लगी है."

"आजी म्हण! दादी काय दादी!" मग माझ्यावर डाफरल्या, "मराठीचं एक अक्षर येत नाही हिला. बाप दिवसभर कॉम्प्युटरपुढं, आईवाचून तिकडं मराठी कुणाशी बोलणार ही, भिंतींशी?" आणि कागद ओढून सही केली.

"अम्माजी, यहाँ भी," नोटरी म्हणाला. तिथंही केली.

रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाल्या, "तिकडं थंडी फार असते का गं?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. खरंच काही ठाऊक नव्हतं. आता तर जायचंच होतं. विमानाची भीती तशीच होती, पण पोरगी माझ्याच मांडीवर होती.