दारव्ह्याची वाटमाय

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली आणि यवतमाळला जाणाऱ्या छोट्या गाडीत जाऊन बसलो. डबे इतके ठेंगणे, की माझ्यासारख्या उंच माणसाला वाकूनच आत शिरावं लागलं. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, तरी वाईच्या माझ्यासारख्या शाळामास्तरासाठी वऱ्हाड अजून वर्गातल्या नकाशापुरताच होता. धाकटी बहीण कुसुम लग्न होऊन यवतमाळला गेली, तेव्हापासून बोलावत होती. आता मेहुण्यांची बदली झरी जामणीच्या जंगलभागात होणार असं कानावर आलं. तिकडे जाणं आणखी अवघड, म्हणून नाताळची सुटी लागताच निघालो.

गाडी रमतगमत चालली होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर वेचून झालेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडांचे) तांबूस सांगाडे आणि मधूनमधून हिरव्या तुरीचे पट्टे. रुळांशेजारच्या वाटेनं कापसाच्या गाड्या एकामागून एक बाजाराकडे निघालेल्या. त्यांचा कापूस बाभळींना घासून गेला होता; काट्याकाट्यावर पांढरे पुंजके अडकले होते. आमच्याकडे कृष्णाकाठी नजर जाईल तिथे डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती जातच राहते. मला ते मोकळेपण पाहून आनंद व्हायला हवा होता, पण उगीचच एकटं वाटू लागलं.

दारव्ह्याला गाडी थांबली ती थांबलीच. इंजिन बिघडलं होतं. दुसरं इंजिन येईपर्यंत गाडी हलणार नव्हती आणि ते कधी येईल हे कुणी सांगेना. माझ्या डब्यातले एक काका बोचकं डोक्यावर घेत म्हणाले, "बसून काय करता गुरुजी? चाला वेशीपाशी. संध्याकाळची यष्टी भेटन यवतमाळची." मी ट्रंक उचलली आणि त्यांच्या मागे निघालो.

स्टेशनाकडून जुन्या गावाकडे गेलं की मधे मोठं मैदान लागतं. मोटारी, टांगे, बैलगाड्या, सारं तिथेच थांबतं. मैदानाच्या पलीकडे गावाची वेस. तटाची भिंत जागोजाग बसली होती, पण कमान उभी होती, आणि तिच्या आत पांढऱ्या मातीची घरं एकमेकांना टेकून बसलेली दिसत होती. मैदानाच्या निम्म्या भागावर मोटारींसाठी नवा स्टँड होत होता. मुरूम पसरलेला, लोखंडी खांब उभे केलेले, आणि एक रोलर संथपणे मागेपुढे करत होता.

आधी भूक भागवावी म्हणून एका खानावळीत शिरलो. वाढायला पोऱ्या नव्हता, चांगला मिशाळ मालक स्वतःच वाढत होता. "झुणक्यावर सांबार टाकू का?" त्यानं विचारलं. झुणक्यावर सांबार ऐकून मी घाबरून नको म्हटलं. शेजारच्याच्या ताटात हिरवीगार कोथिंबीर पडली तेव्हा उमगलं, की इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि कोरडाच झुणका मुकाट्यानं खाऊन मी बाहेर आलो.

बाहेर बाकावर एक म्हातारी बंजारा बाई बसली होती. अंगात आरशांची कांचळी, खाली भरतकामाचा घागरा, दंडापर्यंत जुन्या बांगड्या. ती मोटारींकडे पाहत नव्हती. रोलरकडे पाहत होती. एवढ्यात तिचा चाळिशीचा मुलगा तिकडून परत आला. धोतर-सदऱ्यातला, शेतकरी दिसणारा. त्याचं नाव हरसिंग, हे नंतर कळलं.

"मुकादम आत जाऊ देत नाई, याडी," तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मग माझ्या टोपीकडे आणि काळ्या कोटाकडे पाहून तो घुटमळला. "गुरुजी, तुमी सांगून पाहा ना त्याले. तुमचं आयकंन तो."

"काय सांगू?" मी विचारलं.

हरसिंगनं आईकडे पाहिलं. म्हातारीनं मला बाकावर जागा करून दिली आणि सांगू लागली, रोलरवरची नजर न काढता.

"आमी तवा बैलांवर मीठ अन् दाणे वायचो, भाऊ. लदेणी म्हंतो आमी तिले. सारा तांडा संगं. लेकरंबाळं, कुत्रे, सारं. या गावाले आलो की अठीच उतरायचं, या मैदानात. तठी एक लिंबाचं झाड होतं. माही लेक जमनी चालाले लागली होती नुकतीच. बैलाच्या शेपटीले धरून चाले."

ती थोडी थांबली.

"तांड्यात मरी लागली. गावानं वेस लावून घेतली. त्याहीचं तरी काय चुकलं? त्याहीले त्याहीचे लेकरं. जमनी सांजच्याले गेली. लिंबाखाली पुरली. कोल्हे उकरतीन म्हनून मी माह्या जात्याची खालची तळी ठेवली तिच्यावर. पहाटे तांडा हलवा लागला, बिमार तांड्याले कोणी राहू देते का? त्या दिवसापासून मी दुसरीच्या जात्यावर दळलं."

"पुन्हा कधी आला नाहीत?"

"मालकानं सांगतलं होतं, पुरलेल्या लेकराकडे मांगं फिरून पाहाचं नसते, जायचं नसते. मंग लदेणी बंद झाली, आमी दिग्रसकडे वावरं करून राह्यलो. मालक गेले यंदा पोळ्याच्या आधी. मंग हरसिंगनं बाजारात आयकलं, दारव्ह्याचं मैदान खोदून राह्यले म्हनून. म्हटलं, हाडं राह्यली नसतीन. पन माती तर असंन. मूठभर घेऊन जाईन घरी. एकटीच पडली बिचारी इतकी वर्सं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पण शेवटचं वाक्य बोलताना तिनं घागऱ्याचा काठ हातात गच्च धरला होता.

मी उठून मुकादमाकडे गेलो. मागून ती दोघंही आली. मुकादम उर्मट नव्हता, कामानं कावलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं. "गुरुजी, खोटं कायले सांगू? आता काई नाई उरलं तठी. सारी माती उकरून गाड्यांनी नेली, नाल्यात टाकली. वरून मुरूम."

"अन् लिंब?" म्हातारीनं विचारलं.

"पाडला मांगच्या महिन्यात. त्याच्या बुडाशी देवीचा गोटा होता. तो गावातल्या लोकांनी आधीच वाजतगाजत वेशीत नेऊन बसवला."

म्हातारी एकदम पुढे सरली. "कसा गोटा?"

"असा... चापट. गोल. शेंदरानं भरलेला," मुकादम हातानं आकार दाखवत म्हणाला. "वाटमाय म्हंतात तिले. डायवर लोकं नारळ फोडतात."

म्हातारी वेशीच्या दिशेनं चालू लागली. तिचे गुडघे धड नव्हते, पण हरसिंगला तिला गाठायला पावलं भरभर टाकावी लागली.

कमानीच्या आत उजव्या हाताला भिंतीत एक देवळी होती. तिच्यात शेंदराचे थरावर थर बसलेला एक जाड गोल दगड. पुढे हळदकुंकू, झेंडूची फुलं, विझलेली उदबत्ती. तान्हं मूल कडेवर घेतलेली एक बाई पाया पडत होती. "यवतमाळच्या दवाखान्यात चाललो माय, संगं राह्य," असं पुटपुटून तिनं मुलाचं कपाळ देवळीच्या काठाला टेकवलं आणि मोटारीकडे धावली.

देवळीला लागूनच बांगड्यांचं दुकान होतं. दोरीला ओवलेल्या बांगड्यांच्या माळांमागून एक वयस्क कासारीण बाहेर आली. साळूबाई तिचं नाव. देवीची व्यवस्था तिच्याकडेच होती.

"दर्शन घ्या," ती म्हणाली. "जुनी देवी हाय. कोणी बसवली नाई, सोताहून निंगाली जमिनीतून."

"सोताहून कायची?" हरसिंगचा आवाज चढला. "माह्या मायनं..."

म्हातारीनं त्याचं मनगट धरलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी हळू म्हणाली. बांगड्या पाहायला थांबलेल्या दोघीतिघी आमच्याकडे पाहू लागल्या.

"कोणत्या गावचे तुमी?" साळूबाईनं विचारलं.

"दिग्रसकडच्या तांड्यावरचे," म्हातारी म्हणाली.

"असं. मंग लांबूनच पाया पडा. कोणी हात नसते लावत देवीले."

म्हातारी मात्र देवळीपुढे जमिनीवर शांतपणे बसली आणि शेजारणीशी बोलावं तसं साळूबाईशी बोलू लागली.

"बाई, तुमी लय वर्सांपासून करता का हिची सेवा?"

"आधी माही सासू करे. ती गेली, मंग मी."

"तठी झाडाखाली होती तवा, पावसात?"

"पावसात टोपलं झाकत जाऊ वरतून. उन्हाळ्यात गार पानी घालू."

"दिवा?"

"रोज. एक दिवस खाडा नाई."

म्हातारी मान खाली घालून बसली. मग म्हणाली, "म्हंजे एकटी नाई पडू देल्ली तुमी तिले."

साळूबाईचा हात बांगड्यांच्या माळेवर होता, तो तसाच राहिला. तिनं म्हातारीकडे नीट पाहिलं. मग गिऱ्हाईक बायकांना, "उद्या या, माय," म्हणून वाटेला लावलं, खाली बसली आणि म्हातारीचा हात धरून स्वतःच दगडावर ठेवला.

म्हातारीची बोटं शेंदरावरून फिरली. मधोमध शेंदूर थोडा खोल बसला होता. तिथे तिचा अंगठा थांबला.

"तुमचं जातं व्हय हे?" साळूबाईनं अगदी हळू विचारलं.

"व्हतं," म्हातारी म्हणाली. "आता देवी हाय."

"कोण होतं खाली?"

"लेक. जमनी."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती सांगू लागली. "माही सासू म्हने, साथीच्या वक्ती वेस लावली होती. भिंतीच्या पलीकडून एका बाईचं रडनं आयकू ये. सासूच्या मांडीवर तवा माहा मालक होता, तान्हा. तिले लय वाटलं बाहीर जावं. कोणी जाऊ देल्लं नाई. साथ सरली तवा तिनं जाऊन पाह्यलं, तं झाडाखाली हे जातं. तिनं दिवा लावला. मले मरताना इतकंच म्हनली, त्या झाडाखालचा दिवा सोडू नको, तठी कोनाचं तरी मानूस हाय. बाकी लोकायनं आपोआपच नारळ फोडनं सुरू केलं. कोनी इचारलं तं मी म्हनो, सोताहून निंगाली. कोनाचं ते मले तरी कोठी ठाऊक होतं, बाई?"

साळूबाईनं तांब्या आणून दिला. म्हातारीनं दगडावर पाणी घातलं, आपल्या हातानं पुसलं, कुंकू लावलं. लहान मुलाचं तोंड पुसताना करतात तसा तिनं कडेचा ओघळ बोटानं टिपला. तेव्हा मात्र ती रडली. हरसिंग भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी टोपी काढून हातात घेतली.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. हरसिंगनं डोळे पुसून विचारलं, "याडी, न्यायची नाई का हिले? मी बोलतो पंचांसंगं. आपली हाय ती."

म्हातारी उठताना त्याच्या खांद्याला टेकली. "घरी नेऊन काय करू बाबू? मी आज हाय, उद्या नाई. तुमी वावरात जासान. तठी कोन येईन तिच्यापाशी? अठी पाह्य किती मानसं येतात. लेकरं येतात." आणि साळूबाईकडे वळून म्हणाली, "राहू द्या तिले तुमच्यातच."

साळूबाईनं तिला वेशीबाहेरपर्यंत पोचवलं. दिग्रसची मोटार आधी सुटली. म्हातारी खिडकीशी बसली होती. मोटार वळून दिसेनाशी होईपर्यंत तिची मान वेशीकडे वळलेली होती, आणि या वेळी तिला तसं पाहायला मना करणारं कुणी नव्हतं.

यवतमाळला पोचायला मला अंधार पडला. कुसुमनं गरम पाण्यानं पाय धुवायला लावले, भरीत-भाकर वाढली आणि उशिराबद्दल विचारलं. इंजिन बिघडलं, एवढंच सांगितलं. त्या सुटीत मी पुष्कळ हिंडलो. लोहाऱ्याकडच्या माळावर फिरून आलो, कापसाच्या ढिगांनी भरलेला बाजार पाहिला, मेहुण्यांबरोबर सागाच्या रानात जाऊन कोलाम आदिवासींच्या पाड्यावर चहा प्यालो. सगळं चांगलंच होतं. पण एकटं बसलं, की मन वेशीपाशी जाई.

परतताना मोटारीनंच दारव्ह्यापर्यंत आलो. स्टँडवर पत्रे चढले होते. वेशीत गेलो, तर साळूबाई बाजारगावी बांगड्या विकायला गेलेली. तिची सून देवळीत दिवा लावत होती. दगडापुढे झेंडूच्या फुलांत हिरव्या बांगड्यांची एक जोडी होती, अगदी इवल्याशा हाताची.

"वाटमाय म्हणतात ना हिला?" मी विचारलं.

"आधी म्हनत. आता जमनामाय म्हंतो आमी," ती म्हणाली.

"हे नाव कुणी ठेवलं?"

"कोनी ठेवलं नाई जी. सासूबाई म्हंतात, देवीनं आपलं नाव आपन सांगतलं."

मी चपला काढून नमस्कार केला आणि गाडी गाठली.

वाईला येऊन आता बरेच दिवस झाले. शाळेच्या वाटेवर, पिंपळाच्या पारावर आणि घाटाच्या पायऱ्यांशी शेंदूर लावलेले कितीतरी लहान दगड आहेत. लहानपणापासून त्यांच्यावरून माझी नजर तशीच पुढे सरकत आली. आता तसं होत नाही. पावलं हळू पडतात, आणि इथे कुणाचं माणूस असेल, असं मनात येतं.