कालच्या भाताचा व्हॉल्व्ह

मी फारशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हजेरीला "हजर" म्हणायचं, तरी आधी मनात दोनदा म्हणून बघते. पण त्या दिवशी मी चार मिनिटं सलग बोलले. आणि त्या चार मिनिटांत काय करून ठेवलं, ते ऐकाच.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाकीच्यांनी ज्वालामुखी आणले, ठिबक सिंचन आणलं. माझ्या बाबांचं हडपसरला गॅरेज आहे, म्हणून मी एका डिझेल गाडीचा जुना ईजीआर व्हॉल्व्ह नेला. मुठीएवढी वस्तू, पण आत काजळी इतकी, की एकदा हात लावला तर तीन दिवस मेंदी काढल्यासारखी बोटं.

त्याच दिवशी आईचंही शाळेत काम होतं. ती घरून खाण्याच्या ऑर्डरी घेते. स्नेहसंमेलनाला दीडशे थालीपीठं कोणाकडून घ्यायची, ते मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ठरवणार होत्या. आईची ही आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर. सकाळी तिने चवीला डबा पाठवला होता आणि बाईंनी दोन थालीपीठं संपवली होती. होकार तेवढा उरला होता. आई ठेवणीतली साडी नेसून त्यांच्याबरोबर प्रदर्शन बघत फिरत होती.

दोघी माझ्या टेबलाशी थांबल्या. मी व्हॉल्व्हकडे बघत पाठ केलेलं सुरू केलं: इंजिनातून बाहेर पडणारा थोडा धूर हा भाग परत आत सोडतो.

"जळून गेलेला धूर परत आत कशाला?" बाईंनी विचारलं.

हे पाठांतरात नव्हतं. पण मला एकदम इतकं सुंदर उदाहरण सुचलं!

"थालीपीठासारखं, बाई," मी म्हणाले. "नुसत्या ताज्या भाजणीचं थालीपीठ तव्यावर कडक होतं. म्हणून आई त्यात कालचा भात कुस्करून घालते. इंजिनातही नुसती ताजी हवा घेतली, तर आतली आग फार तापते आणि विषारी वायू तयार होतात. जळून गेलेला धूर पुन्हा जळत नाही. तो मध्ये बसून उष्णता शोषतो, आग बेताची ठेवतो. पण फार घातला तर इंजिन गुदमरतं. किती घालायचा, ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. म्हणजे आईचा हात."

"कालचा भात?" बाई म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना विषयात रस आला. नववीतल्या मुलीला कोणी कधी पुढचा प्रश्न विचारतं का? मी फुललेच.

"फ्रीजमध्ये असला तर परवाचाही."

"आज सकाळच्या डब्यात?"

"होता ना. ऑर्डरच्या थालीपीठांत तर थोडा जास्तच. संध्याकाळपर्यंत मऊ राहतात."

माझी एक खोड आहे. बोलताना मी माणसांकडे बघत नाही. बघितलं असतं, तर बाईंच्या पाठीमागून आई डोळे वटारतेय, हे दिसलं असतं. ती तीनदा खोकलीसुद्धा. मला वाटलं, काजळीने.

मग मी मान वर केली. आईचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने सावरायला गेले.

"बाई, उष्टा नसतो. फक्त शिळा असतो."

शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखीसुद्धा फसफसायचा थांबला.

मोठ्या बाई सावकाश आईकडे वळल्या. "माझ्या सासूबाईंची थालीपीठं इतकी मऊ कशी होतात, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुमच्या मुलीने मात्र न विचारता सांगितलं."

ऑर्डर मिळाली. अट एकच, भात त्याच सकाळी शिजवलेला हवा. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कोणाच्या उत्तेजनार्थ, ते विचारू नका.

 घरी जेवणाच्या वेळी आई म्हणाली, "या, आपण फार हुशार आहात. बसा." आई मला "आपण" म्हणाली, की समजायचं, आज काही खरं नाही.

तेव्हापासून ती सगळ्याच ऑर्डरींना ताजा भात लावते. मग कालचा जातो कुठे? बाबा गॅरेजमध्ये येईल त्याला सांगतात, की आमच्या घरीसुद्धा ईजीआर बसवलाय, नववी ब मध्ये शिकतो.

आणि काम चोख करते हो मी. कालचा भात माझ्या ताटात पडला, की आईचं तापमान लगेच खाली येतं.