दादाच्या जीपचं हौसिंग

बाबा जबलपुरात लष्करी ट्रकांच्या कारखान्यात फिटर होते. दादानं तिथली नोकरी नाकारली, एक जुनी जीप घेतली आणि कुंडमपलीकडच्या जंगलातल्या गावांना सवाऱ्या नेऊ लागला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाचा निरोप दुसऱ्याला मीच पोचवायची.

चौथ्या वर्षी नाल्यातल्या दगडावर आपटून जीपचं मागचं हौसिंग चिरलं. हौसिंग म्हणजे चाकं फिरवणारे दांडे ज्या पोलादी खोळीत असतात ती. दोनदा जोडून आणलं, दोनदा उकललं. दादा नुसता अंगणात बसून राहायचा. एका सकाळी बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, मिलिटरीचं लाव म्हणा. मी येतो शोधायला."

लष्कराच्या लिलावातला भंगार माल घेणाऱ्या कबाड्यांकडे दोघं आठवडाभर फिरले. एकदा मीही गेले. बाबा प्रत्येक हौसिंगला घासलेट लावायचे, पुसायचे, वरून खडूची पूड भुरभुरायचे. चीर असली की पांढऱ्यावर काळी रेघ उमटायची. शेवटी एकावर ती उमटली नाही. "भैया, ये निकालो," बाबा म्हणाले.

ते जीपच्या मानानं रुंद होतं. स्प्रिंगचे पाटे जिथे टेकतात त्या बैठका कापून आत सरकवायच्या होत्या. बाबा मापाची सुतळी धरून उभे, दादा वेल्डिंगला वाकलेला.

"काहून घाई करून राहिला? आधी माप बघ," बाबा ओरडले. ते थेट त्यालाच बोलले होते. दादानं मान खाली घालून पुन्हा माप घेतलं.

नंतर सहा वर्षं त्या हौसिंगला काही झालं नाही. कितीतरी बाळंतिणी त्या जीपमधून शहरात आल्या. दादालाच कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला.

जबलपुरातच, महाराजपूरच्या आमच्या घरामागे जीप उभी राहिली. ती विकत मागणाऱ्या गिऱ्हाइकांना बाबा दारातूनच परत पाठवायचे. मग कुंडमकडचा एक ड्रायव्हर आला. "बाबूजी, मेरा हौसिंग टूट गया है. उधर अब कोई गाडी नहीं जाती."

बाबांनी हत्यारांच्या पेटीतून पाने काढले.

"मिस्त्रीला बोलावते ना, बाबा," मी म्हटलं.

"त्याच्या हातचं काम आहे ते. दुसऱ्यानं काहून खोलावं?"

दुपारभर ते जीपखाली होते. हौसिंग निघालं, तेव्हा दादानं केलेल्या वेल्डिंगच्या ओबडधोबड रेषेवर त्यांनी तळहात ठेवला, आणि उचलेचनात. ड्रायव्हर बिचारा तसाच ताटकळला.

दोन महिन्यांनी तो सांगायला आला, गाडी छान चालते. "अच्छा," बाबा म्हणाले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मी त्याला चहा दिला. चहा पिताना तो हळूच म्हणाला, "दीदी, हमें नहीं आना चाहिए था."