वजनावर घेतलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी वजन करून घेतला.

यात हसण्यासारखं काय आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. शहाद्यात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतून काढलेला जळका पंप उघडायचा, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार एकेक टर्न मोजत बसवायची, हा माझा धंदा. या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. डब्यावरच्या छापील मजकुरावर जाऊ नका, वस्तू उचलून बघा! जड लागली तर आत तांबं आहे, हलकी लागली तर आत फसवणूक आहे. म्हणून माझ्या पिशवीत कायम एक सपाट वजनकाटा असतो. (एकदा मी सोनाराच्या दुकानातही तो बाहेर काढला होता. माझी बायको मंगल त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही.)

कॉम्प्युटर हवा होता माझ्या मुलीला, ज्योतीला. लोणखेड्याला कॉलेज झालं, मराठी टायपिंगही झालं, आणि पुण्याच्या एका ऑफिसकडून घरबसल्या कागद टाइप करायचं काम मिळायची संधी आली. त्यासाठी परीक्षा होती. सोमवारी सकाळी अकराला, स्वतःच्या घरून, स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मोबाइल चालणार नाही आणि उशीर झाला तर नाव बाद. नाव बाद झालं तर ज्योती सुरतेला मामाकडे जाऊन कुठल्यातरी दुकानात हिशेबाला बसणार, हे मायलेकींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला ते अजिबात नको होतं. एकच पोरगी आहे मला. ती घरात नसली तर माझ्याशी भांडणार कोण?

म्हणून परीक्षेच्या आठवडाभर आधी मी, ज्योती आणि माझा काटा असे तिघं बसस्टँडजवळच्या सलीमभाईकडे गेलो. सलीमभाईचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याच्या कूलरच्या मोटारी मीच भरतो, त्यामुळे माणूस आपला.

"सलीमभाई, कमी पैसामां चांगला माल दे. पोरले फक्त टायपिंग करनं शे," मी म्हणालो आणि काटा काउंटरवर ठेवला.

सलीमभाई काट्याकडे बघत राहिला. "नाना, मी तांबापितळना भांडा नै इकस."

"मालूम शे माले. तू माल काढ."

त्याने आधी प्रोसेसर काढला. केवढा? मारी बिस्किटाहून लहान! मी काट्यावर ठेवला. तीस ग्रॅमच्या आसपास. किंमत मात्र सगळ्यांत जास्त.

"एवढुसाना इतला पैसा? सलीमभाई, मी काय आजच खेडामाईन उनू का?"

"नाना, हाई कॉम्प्युटरनं डोकं शे. यान्हा पोटमां इतला बारीक तारा शेत, का जिंदगीभर मोजात तरी सरावत नैत."

मी चष्मा पुसून तो चौकोन उलटसुलट केला. मी चाळीस टर्नची एक कॉइल भरली तरी दोनदा मोजतो, मध्येच गिऱ्हाईक बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आणि कुणीतरी एवढ्याशा जागेत हे सगळं बसवलं होतं! त्या न पाहिलेल्या कारागिराला मी मनातल्या मनात हात जोडले आणि पहिल्यांदाच वजनाचा विषय सोडून दिला.

पण पुढे पॉवर सप्लाय आला. एक झगमगीत डब्यातला, रंगीत दिवे वगैरे असलेला. दुसरा साधा, काळा. दोघांची किंमत जवळपास सारखी. मी दोन्ही काट्यावर ठेवले, तर काळा त्या झगमगीतापेक्षा दुपटीने जड!

"हाऊ काळा दे," मी म्हणालो.

सलीमभाईने चक्क कानाला हात लावला. "नाना, मानं तुमले! हलकामां काहीच नै ऱ्हास. तुमनाकडे लाइट कमीजास्त व्हस, तठे हाऊच टिकी."

झालं! माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. मी ज्योतीकडे बघितलं. ती भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होती.

मग आली डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरची सगळी माहिती साठवायची जागा. ज्योती म्हणाली, "एसएसडी द्या." सलीमभाईने एक पट्टी समोर ठेवली. शाळेच्या पट्टीचा तुकडा मोडून आणावा, एवढीच. काट्यावर ठेवली तर आठ ग्रॅम! शेजारी सलीमभाईच्या भंगारात एक जुनी लोखंडी हार्ड डिस्क पडली होती. ती ठेवली तर अर्धा किलोच्याही वर!

"हाई घ्यानी," मी लोखंडी डिस्कवर थाप मारली.

"नाना, ती जुनी शे. हळू चालस ती," ज्योती म्हणाली.

"अशी कशी हळू? वजन देख तिन्हं! आठ ग्रॅममां कोणी माहिती ठेवस का?"

ज्योतीने सलीमभाईकडे बघितलं, सलीमभाईने ज्योतीकडे. मग ती एकदम शांतपणे म्हणाली, "बरं नाना. तुम्ही म्हंतस तसंच करू."

इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. बोलायला लागल्यापासून माझ्या पोरीने माझं म्हणणं पहिल्या फटक्यात कधीच मान्य केलेलं नाही! पण मी पॉवर सप्लायच्या धुंदीत होतो.

कॉम्प्युटर घरी आला. मंगलने डब्याला कुंकू लावलं, ज्योतीने बटण दाबलं आणि मी खुर्चीत टेकेपर्यंत पडदा उजळलासुद्धा! मी थक्क झालो. बाहेर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागलो, "वजन! वजन देखीसन डिस्क लयेल शे!" खापरहून पंप भरायला आलेल्या एका माणसाला तर मी मोटार बाजूला ठेवून अर्धा तास कॉम्प्युटर निवडायचा कसा ते समजावलं. तो बिचारा फक्त पंप कधी मिळेल एवढंच विचारत होता.

इथवर मी थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण रविवारी मला वाटलं, उद्या पोरीची परीक्षा आहे, आपण मशीन एकदा साफ करून द्यावं. दिवस कापसाचे होते, जिकडेतिकडे पांढरी रुई उडत होती. ज्योती आणि मंगल बाजाराला गेल्या होत्या. मी दुकानातला ब्लोअर आणला, डब्याचा पत्रा उघडला, फुंकर मारली. आत माझी लोखंडी डिस्क ऐटीत बसलेली. तिच्याकडे बघून मला समाधान वाटलं.

आणि मग मला ती दिसली. बोर्डावर आडवी पडलेली एक पट्टी. एका बाजूने खाचेत खोचलेली, दुसऱ्या बाजूला जिरं असावं एवढासा एक स्क्रू.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. काही नव्या मोटारी येतात तेव्हा आत एक पट्टी लावलेली असते. टेम्पोत आदळून आतला भाग हलू नये म्हणून. बसवताना ती काढून टाकायची. नवशिके विसरतात आणि मोटार घासते. मी मनाशी म्हणालो, सलीमभाई एवढा हुशार माणूस, पण पॅकिंगची पट्टी काढायला विसरला! (मशीन आठवडाभर त्या पट्टीसकट उत्तम चाललं होतं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.) मी स्क्रू काढला, पट्टी उपसली, सवयीने काट्यावर ठेवली. आठ ग्रॅम. मग तर खात्रीच पटली की ही काही कामाची नाही! दिसायला मात्र छान होती, म्हणून टर्न लिहायच्या माझ्या वहीत पानाची खूण म्हणून ठेवून दिली. स्क्रू डबीत टाकला, पत्रा बंद केला, आणि वही घेऊन एक पंप बघायला कळसाडीला भगवानदादांच्या शेतात गेलो.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ज्योतीने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ.

"नाना, हाई सांगस का डिस्कच नै शे."

"नै कशी? अर्धा किलोनी डिस्क शे!" मी पत्रा उघडून बोट दाखवलं. "ही काय!"

ज्योतीने आत बघितलं आणि ती पांढरीफटक पडली. "आठली बोर्डवरनी पट्टी कोठे शे?"

"ती पॅकिंगनी व्हती. काढी टाकी मी."

"नाना, तीच डिस्क शे. हाई लोखंडी तं बंद पडेल शे. सलीमभाईनी फुकट लाई दिन्ही. तुमना समाधानकरता."

मी वाकून बघितलं. माझ्या अर्ध्या किलोच्या डिस्कला एकही वायर जोडलेली नव्हती! मी, ज्याला तालुक्यातले लोक वायर दाखवायला येतात, आठवडाभर बिनवायरच्या लोखंडाचं कौतुक करत होतो. मंगल ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "ओ ज्योतीना बाप, बोलानं मंग. आधी ती पट्टी कोठे शे?"

वहीत. आणि वही? पिशवीत नाही, दुकानात नाही, गाडीच्या डिकीत नाही. वही कळसाडीला, भगवानदादांच्या शेतातल्या खाटेवर!

मी गाडी काढली. ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले आणि मी हॉर्नवर हात दाबून धरलेला. पोरगी सुरतेला दुकानात बसलीय आणि दिवाळीला पाहुण्यासारखी घरी आलीय, असं चित्र डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मला खरंच रडू येत होतं. शेतात पोचलो तर भगवानदादा खाटेवर निवांत बसलेले. एका तळहातावर तंबाखू, मांडीवर चुन्याची उघडी डबी आणि दुसऱ्या हातात माझी पट्टी! तिचं सोनेरी दातांचं टोक चुन्यापासून बोटभर वर.

"दादाऽऽ! थांबा!"

दादा दचकले, तंबाखू सांडली. "काय व्हयनं रे? वहीमां सापडनी. चुना काढाले बरी शे म्हनं."

"दादा, ती मन्ही पोरनी नोकरी शे!"

दादांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती मला देऊन टाकली. मी वेड्यागत दिसत असणार.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. सलीमभाई मोबाइलच्या व्हिडिओवर होता. पट्टी मी खाचेत बसवली, पण स्क्रू काही माझ्या बोटांत राहीना. दहा घोड्यांच्या मोटारीचे नट पिळणारी ही बोटं, त्यांना तो जिऱ्याएवढा स्क्रू जाणवतसुद्धा नव्हता. दोनदा पडला. तिसऱ्यांदा ज्योती म्हणाली, "नाना, सरका. फक्त बॅटरी धरा."

मी बॅटरी धरली. तिने स्क्रू चिमटीत घेतला, श्वास रोखला, दोन हलके आटे दिले आणि बसवला. हात जरासुद्धा हलला नाही. हे कधी शिकली ही? बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडदा उजळलेला होता. अकराला पाच मिनिटं कमी होती.

कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसायचं नव्हतं, म्हणून मी आणि मंगल दाराआड उभे राहिलो. आतून आवाज सुरू झाला. पत्र्यावर टपोरे थेंब पडावेत तसा, न थांबता. मी फटीतून डोकावलो. ती कळांकडे बघतच नव्हती! नजर पडद्यावर आणि बोटं आपली आपण पळत होती. प्रोसेसर बनवणाऱ्याला मी हात जोडले होते ना? पण त्याहून मोठा कारागीर माझ्याच घरात, माझ्याच समोर बसला होता आणि मी त्याच्या कामात ब्लोअर घालत फिरत होतो! माझे डोळे भरून आले. मंगलने पदर पुढे केला. मी घाम पुसतोय असं दाखवलं.

ज्योती पास झाली. आठवड्याने ऑफिसचा फॉर्म आला, नाव, पत्ता, शिक्षण वगैरे. तिने भरला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. मी चष्मा लावून कौतुकाने एकेक ओळ वाचत शेवटपर्यंत आलो. शेवटचा प्रश्न होता: घरून काम करताना कोणता अडथळा येण्याची शक्यता आहे?

समोर ज्योतीने एकच शब्द टाइप केला होता: वडील.

मी तो दोनदा तपासला. टायपिंगची एकही चूक नव्हती.